गरम फ्रिजवाल्या बाई

बाईंच्या घरातला फ्रिज गरम असायचा. साडेसदतीस अंश. अर्ध्या अंशानं कमी झाला की घरातल्या माणसांना बोलणी बसायची, अर्ध्या अंशानं वाढला तरी माणसांनाच. फ्रिजला बाई कधी एक शब्द बोलल्याचं मला आठवत नाही.

हा फ्रिज माझ्या खोलीत होता. खरं तर मीच त्याच्या खोलीत होते. गारखेड्यातल्या त्या घरात मी कॉलेजची तीन वर्षं भाड्यानं काढली, आणि त्या खोलीचा मुख्य रहिवासी कोण याबद्दल तीन वर्षांत कुणाच्याही मनात शंका नव्हती. फ्रिज केव्हाच बिघडून गेला होता. दुसऱ्या कुणी तो भंगारात दिला असता. बाईंनी त्याचं थंड करायचं यंत्र काढून टाकलं, आत साठचे दोन बल्ब लावले, खाली पाण्याची परात ठेवली, एक थर्मामीटर लटकवला आणि जाळ्यांवर गावरान अंडी मांडली. एकवीस दिवसांनी पिल्लं. खुडूक कोंबडी जे काम फुकट आणि न बोलता करते, तेच काम बाई विजेवर आणि अखंड बोलत करायच्या.

बाई जिल्हा परिषदेच्या शाळेत मुख्याध्यापिका होत्या. निवृत्तीच्या दिवशी शेवटच्या गावानं त्यांना साडी, नारळ आणि एक कोंबडी दिली. साडी कपाटात गेली, नारळाची चटणी झाली, आणि कोंबडी काही दिवसांनी बाईंच्या पलंगाखाली अंड्यांवर बसली. आठव्या दिवशी नातीनं तिला उचलून खाली काय आहे ते पाहिलं. कोंबडीला ते आवडलं नाही, ती परत बसली नाही. तेव्हा ती उघडी पडलेली अंडी बाईंनी बंद फ्रिजात ठेवून आत बल्ब लावला. सरकारनं त्यांना निवृत्त केलं होतं. त्यांनी ते मान्य केलं नव्हतं, एवढाच याचा अर्थ.

शाळा पुढं चालू राहिली. प्रत्येक अंड्याला पेन्सिलीनं हजेरी क्रमांक. एका बाजूला क्रमांक, दुसऱ्या बाजूला फुली, म्हणजे दिवसातून तीनदा अंडी पालटताना कोण पालटलं आणि कोण राहिलं ते कळावं. हजेरीबुक शाळेतलंच, उरलेल्या कोऱ्या पानांचं. सातव्या दिवशी चाचणी. खोलीचे पडदे ओढायचे, टॉर्चवर पुठ्ठ्याची नळी चढवायची आणि नळीच्या तोंडावर अंडं धरायचं. आत कोळ्याच्या जाळ्यासारख्या लाल शिरा दिसल्या तर पास. नुसताच पिवळा उजेड दिसला तर नापास, आणि ते अंडं गल्लीतल्या कुत्र्याला. धड काही कळत नसेल तर एटीकेटी, म्हणजे आणखी तीन दिवसांची मुदत. पहिल्या वर्षी मी इंग्रजीत एटीकेटी घेऊन आले, तेव्हा बाई हजेरीबुकातून मान वर न काढता म्हणाल्या, "बरं. मला वाटलं होतं या खोलीत फक्त अठरा नंबरच लोंबकळतोय."

अठराव्या दिवसापासून अंड्यांना हात लावायचा नाही. तो परीक्षेचा काळ. त्या तीन दिवसांत खोलीत मोठ्यानं वाचायला बंदी असायची, मग माझी स्वतःची परीक्षा त्याच आठवड्यात का असेना. एकविसाव्या दिवशी कवच टोचून पहिलं पिल्लू बाहेर यायचं, ओलं, दमलेलं, पायांवर उभंही राहता न येणारं. बाई त्याच्याकडं चष्म्यातून बघत आणि म्हणत, "उशीर झाला."

पिल्लं वाळली की त्यांची बदली बैठकीच्या खोलीत व्हायची. तिथं टीव्हीच्या मोठ्या खोक्यात भुसा, भुशावर वर्तमानपत्र आणि वर एक बल्ब. पिल्लं बल्बखाली गोळा झाली तर थंडी वाजतेय, कोपऱ्यात पळाली तर उकडतंय, हे बाईंनी घरातल्या सगळ्यांना पाठ करायला लावलं होतं. वर्तमानपत्र अंथरण्याआधी त्या लाल पेनानं त्यातल्या शुद्धलेखनाच्या चुका दुरुस्त करत. चुकीच्या मराठीवर आपली पिल्लं चालावीत हे त्यांना मंजूर नव्हतं.

आणि तीन-चार आठवड्यांनी पिल्लं कुणाला द्यायची वेळ आली की प्रत्येक खेपेबरोबर शाळा सोडल्याचा दाखला. गंमत म्हणून नाही, अगदी गंभीरपणे, शिक्क्याच्या जागी अंगठ्याएवढा निळा गोल काढून. जन्मतारीख. वर्तणूक: चांगली. शाळा सोडण्याचे कारण: पिसे फुटली. बाईंकडून पिल्लं नेणाऱ्या कितीजणींच्या घरात हे दाखले अजून देवाच्या फोटोमागं खोचलेले असतील, देव जाणे.

घरात माणसंही होती, याचा उल्लेख राहून गेला. बाईंना स्वतःलाही ती अधूनमधून आठवावी लागत. दादा, म्हणजे बाईंचा मुलगा, वाळूजला कंपनीत शिफ्टमध्ये. वहिनी एका सरकारी कचेरीत कारकून. नात दुसरीत. सकाळी साडेसातला त्या घरात एक डबा भरला जायचा, एक वेणी घातली जायची, एक बूट हरवलेला असायचा आणि बाई मध्ये उभ्या राहून विचारत, "सकाळची पालटणी कुणी केली?" गिझर आणि फ्रिज एकाच वायरीवर होते, दोन्ही एकदम लावले की फ्यूज उडायचा, म्हणून दादा डिसेंबरातही थंड पाण्यानं आंघोळ करायचे आणि मोठमोठ्यानं स्तोत्र म्हणायचे. ते भक्तीनं म्हणतात असं मी पहिले दोन महिने समजत होते. त्या दिवसांत भारनियमन होतं. घरात इन्व्हर्टर होता, पण त्याची वायर सरळ माझ्या खोलीत. शेजारच्या घरांत इन्व्हर्टरवर दिवे असायचे, आमच्याकडं मेणबत्तीत जेवण आणि फ्रिजात लख्ख उजेड.

वहिनी एकदा पोळ्या लाटता लाटता मला म्हणाल्या, "माझ्या माहेरी सांगितलं होतं, मुलाकडं फ्रिज आहे. खोटं नव्हतं बोलले."

मी त्या घरात कशी शिरले ते सांगते, कारण या सगळ्याचं मूळ तिथं आहे.

आमचं गाव बिडकीनच्या पुढं. घरात माझ्याआधी कॉलेजला कुणी गेलेलं नव्हतं. वडिलांनी एवढंच ठरवलं होतं की मुलीला नीट घरात खोली मिळाली तर कॉलेज, नाही मिळाली तर संध्याकाळच्या एसटीनं परत, आणि मग पुढचं ते बघणार. पुढचं म्हणजे काय हे मला माहीत होतं. त्या उन्हाळ्यात दोन घरची माणसं चहा पिऊन गेली होती. सकाळपासून आम्ही सहा घरं पाहिली. कुठं मुली नको होत्या, कुठं गावाकडच्या नको होत्या. सातवं घर बाईंचं. वडील फाटकात दादांशी एसटीच्या वेळांबद्दल बोलत राहिले आणि बाईंनी मला एकटीला आत नेलं, पडदे ओढले, टॉर्च लावला आणि एक अंडं त्यावर धरून विचारलं, "जीव आहे का?"

आता अडचण अशी की आमच्या घरी चार पिढ्या माळ. अंडं मी तोवर फक्त दुकानात पाहिलं होतं, तेही तोंड वळवून. टॉर्चवर ते अंडं मला नुसतं गडद दिसत होतं, आत काय आहे काही कळत नव्हतं. पण बाहेर वडील एसटीची वेळ विचारत होते.

"आहे, बाई," मी म्हणाले.

बाईंनी माझ्याकडं बघितलं. मग टॉर्च बंद केला. "गावाकडची आहेस. कोंबड्या माहीत असतील."

"हो, बाई."

"सामान कधी आणतेस?"

आम्ही बाहेर आलो तेव्हा वहिनी दादांचा डबा उघडून उभ्या होत्या. दोन ठेवली होती, एकच कसं काय, असं त्या विचारत होत्या. बाई मांजराला नावं ठेवत निघून गेल्या. माझं तिकडं लक्ष नव्हतं. वडील खोलीत डोकावले, कोपऱ्यात उंच पांढरा फ्रिज बघून थक्क झाले आणि गावात जाऊन त्यांनी सगळ्यांना सांगितलं की पोरीच्या खोलीत फ्रिज आहे.

म्हणजे बाईंच्या लेखी मी कोंबड्यांची जाणकार होते आणि वडिलांच्या लेखी त्या घरात कोंबडी हा शब्दही निघत नव्हता. दोन्ही खोट्यांच्या मध्ये माझी खोली होती. मी ती फार जपून वापरत असे.

वडील एकदा भर उन्हाळ्यात आले. बैठकीतलं पिल्लांचं खोकं माझ्या खुणेवरून नातीनं घाईघाईनं मागच्या अंगणात नेलं. वडील माझ्या खोलीत खाली बसले, टोपीनं वारा घेतला आणि म्हणाले, "फ्रिजातलं गार पाणी दे की गं."

मी काही बोलायच्या आत दारातून बाई म्हणाल्या, "बिघडलाय तो."

नेमकं तेव्हाच आतून चिवचिव आली. त्या दिवशी एकविसावा होता. वडिलांनी फ्रिजाकडं बघितलं.

"म्हणून तर आवाज करतोय," बाई म्हणाल्या आणि माठातलं पाणी आणायला गेल्या.

दीड वर्ष असंच गेलं. चाचणीच्या दिवशी टॉर्च बाईंच्या हातात असायचा. त्या बघायच्या, निकाल सांगायच्या आणि वर विचारायच्या, "आहे ना?" मी म्हणायची, आहे बाई. त्या नाही म्हणाल्या तर मीही नाही म्हणायची. कॉलेजात माझी हीच पद्धत होती. इंग्रजीचे सर तास संपताना विचारायचे, कळलं का, आणि साठ मुलं मान हलवायची. मी सगळ्यांत आधी हलवायची. उशीर झाला तर आपल्याला कळलं नाही हे कळेल, अशी भीती.

मग बाईंच्या उजव्या डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं. डोळ्यावर हिरवं झापड आलं. दुसरा डोळा आधीच अधू. महिनाभर उजेडाकडं बघायचं नाही, वाकायचं नाही, उष्णतेजवळ जायचं नाही, असं डॉक्टरांनी सांगितलं. बाईंनी डॉक्टरांना विचारलं की मग करायचं काय. विश्रांती, असं उत्तर आलं. हे उत्तर बाईंनी चुकीचं ठरवलं.

त्याच आठवड्यात फ्रिजात हर्सूलच्या आपाची तीस अंडी लागलेली होती. आपा चाळिशी ओलांडलेली. लहानपणी बाईंच्या हाताखाली चौथीपर्यंत शिकलेली. नवरा अंथरुणावर, घर कोंबड्यांवर चालायचं, आणि मोठ्या खेपेला ती अंडी बाईंकडं आणायची, कारण तिच्या कोंबड्या एका वेळी बसून बसून किती बसणार. तिची जीभ अर्धी मराठी, अर्धी दखनी. एटीकेटीवाल्या अंड्याबद्दल बाईंना म्हणायची, "आमच्या हर्सूलला जेलात गेलेला मानूस पन सुटून येतो बाई, ये क्यूं नहीं आएगा."

सातव्या दिवशी बाई झापड लावून दाराशी खुर्चीवर बसल्या. हजेरीबुक माझ्या हातात. टॉर्चही माझ्या हातात. बाई एकेक नंबर पुकारायच्या आणि मी निकाल सांगायचा.

पहिली काही अंडी सोपी होती, शिरा दिसत होत्या. पाचव्यात मला काही दिसलं नाही. मी अंडं फिरवलं. पिवळा उजेड होता की आत काही होतं? बाई वाट बघत होत्या. दीड वर्षं कोंबड्यांची जाणकार म्हणून त्या खोलीत राहिलेल्या मुलीला अंडं बघता येत नाही, हे त्या क्षणी सांगायचं म्हणजे पुढचं वाक्य कोणतं असेल ते मी मनात ऐकलं. एसटीची वेळ ऐकली. चहा पिऊन गेलेली माणसं आठवली.

"आहे, बाई," मी म्हणाले.

त्यानंतर सोपं गेलं. नववं आहे, दहावं आहे, अकरावं आहे. मी तीस वेळा पास लिहिलं.

बाराव्या दिवशी हर्सूलला कोंबड्यांत मानमोडी आली. हा रोग आला की कोंबडी मान वाकडी करून फिरते आणि दोन दिवसांत संपते. आपाची एकूण एक गेली. ती आली तेव्हा बाईंनी फाटकातच लाल औषधाच्या पाण्याचं घमेलं ठेवून तिला पाय बुडवायला लावले. त्या आठवड्यात पोस्टमनलाही पाय बुडवूनच पत्र देता आलं. आपा अंगणात पायरीवर बसली. मग तिनं फक्त एवढंच विचारलं की फ्रिजातली तीस बरी आहेत ना.

बाई माझ्याकडं वळल्या. "सांग तिला."

"सगळी पास आहेत," मी म्हणाले.

मला तेव्हा सांगता आलं असतं. ते मी आजवर बऱ्याच वेळा मनात सांगितलं आहे, प्रत्येक वेळी अगदी व्यवस्थित.

सोळाव्या दिवशी सकाळी साडेसातला, डबा भरताना, वेणी घालताना आणि बूट शोधताना, माझ्या खोलीतून फटाक्यासारखा आवाज आला. मेलेलं अंडं इतके दिवस उबेत राहिलं की आत सडतं आणि एक दिवस फुटतं. हे बाईंनी मला कधी सांगितलं नव्हतं, कारण त्यांच्या काळात असं अंडं दहाव्या दिवसापुढं कधी गेलंच नव्हतं. वास असा आला की नातीनं डबा टाकला आणि दादा स्तोत्र न म्हणताच बाहेर आले. वहिनी पदर नाकाला लावून म्हणाल्या, "आता काय, घर सोडायचं की फ्रिज?"

बाईंनी भिंतीला धरत धरत येऊन विचारलं, कितवा नंबर. मी कवचाचा तुकडा उचलला. नऊ.

"हजेरीबुक."

वहिनींनी वाचून दाखवलं. एक, पास. दोन, पास. तीन, पास. बाईंनी शेवटपर्यंत ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, "तीसपैकी तीस. माझ्या शाळेचा असा निकाल कधी लागला नाही. कुठल्याच शाळेचा लागत नाही, जिथं पेपर तपासतात."

मी म्हणाले, "मला दिसलं नव्हतं, बाई. मला कोंबड्यांतलं काहीच येत नाही. आमच्या घरी माळ आहे."

वहिनींनी हजेरीबुक मिटलं. मला वाटलं, आता खोली गेली. पण बाईंनी खोलीचं नाव काढलं नाही. त्या खाली बसल्या आणि म्हणाल्या, "चूक माझी आहे. दीड वर्षात शिकली असशील असं मी धरून चालले." मला त्या वाक्यातलं अर्धंच कळलं. उरलेलं अर्धं कळायला पुढं दीड वर्ष जायचं होतं.

मग त्यांनी दादांना आपाकडं पाठवलं आणि मला फ्रिज धुवायला लावला. अंडी कोमट पाण्याच्या फडक्यानं पुसून मी गोधडीत ठेवली. अकरा वाजता आपा आली. वहिनींनी त्या दिवशी कचेरीत रजा टाकली. का ते त्यांनी सांगितलं नाही. पडदे ओढले. बाई पुन्हा दाराशी, झापड लावून. आपा माझ्या शेजारी जमिनीवर. तिच्यासमोर सगळं परत.

"एक नंबर," बाई म्हणाल्या.

सोळाव्या दिवशी जिवंत अंड्यात शिरा दिसत नाहीत. जवळजवळ सगळं अंडं काळं असतं, वर एक रिकामी पोकळी, आणि टक लावून बघितलं तर ते काळं हलतं. हे त्या दिवशी बाईंनी मला पहिल्यांदा समजावलं, एकेक वाक्य दोनदा, दुसरीतल्या मुलीला सांगावं तसं.

"आहे," मी म्हणाले. "हलतंय."

"दोन."

"आहे."

"पाच."

पिवळं होतं. सोळा दिवस उबेत राहूनही नुसतं पिवळं. "नाही, बाई."

आपानं ते माझ्या हातातून घेऊन बाजूच्या टोपलीत ठेवलं. त्यानंतर नाहीची संख्या वाढत गेली. अकरा नाही. बारा नाही. माझ्या डोळ्यांतलं पाणी टॉर्चवर पडत होतं आणि त्यामुळं दिसतही नव्हतं. आपानं ओढणीच्या टोकानं नळी पुसली.

"नको रो, बेटी," ती म्हणाली. "मरे सो मरे. जिते कित्ते हैं वो बोल."

"चौदा," बाई म्हणाल्या.

मी बघत राहिले. काळं होतं, पण हलत नव्हतं. की हललं होतं? "नाही, बाई."

"नाही म्हणजे? मेलंय, की तुला दिसत नाही?"

"मला कळत नाहीये."

"मग तसं म्हण. तो तिसरा निकाल असतो. त्याला काही लाज नसते. चौदा वेगळं ठेव."

तिसावं होईपर्यंत दुपार झाली. टोपलीत अकरा, फ्रिजात परत सतरा, आणि खालच्या जाळीवर वेगळं एक. फुटलेल्या नवव्यानं आजूबाजूच्या किती जणांना लागण केली होती ते कळायला पाच दिवस लागणार होते. त्या पाच दिवसांत मी रोज सामान बांधायचं ठरवत होते आणि रोज तीनदा अंडी पालटताना, मग अठराव्यापासून नुसतंच बसून, फ्रिजाकडं बघत होते. बाईंनी मला एक शिक्षा दिली होती: फ्रिजात हात लावण्याजोगी खेप असेल तेव्हा रोज संध्याकाळी एक अंडं बघायचं आणि मोठ्यानं निकाल सांगायचा, तिन्हीपैकी एक. किती दिवस, असं मी विचारलं. कॉलेज संपेपर्यंत, त्या म्हणाल्या. तेव्हा मला कळलं की खोली गेलेली नाही.

सतरापैकी तेरा निघाली. चौदा नंबर निघालं नाही. बाईंनी तेही लिहिलं. आपानं चार आठवड्यांनी तेरा पिल्लं नेली, त्यात दोन नर. जाताना ती मला म्हणाली की पुढच्या खेपेला तूच बघ. ती रागावली असती तर मला बरं वाटलं असतं.

सुट्टीत घरी गेले तेव्हा वडिलांनाही सांगून टाकलं, की तो फ्रिज नाही, त्यात अंडी उबवतात आणि मी ती हातानं पालटते. वडील विडी पेटवत होते. काडी विझवून म्हणाले, "फ्रिज चिवचिव करतो व्हय कुठं? मला काय कान नाईत?" मग थोड्या वेळानं, "शिकतीस ना नीट? मग झालं. आंघोळ करून सैपाकघरात जात जा." म्हणजे ज्यांना मी इतकी जपून फसवत होते ते वडील फसलेच नव्हते. फसली ती एकटी आपा.

कॉलेज उघडल्यावर इंग्रजीच्या सरांनी विचारलं, कळलं का. साठ माना हलल्या. मी उभी राहिले आणि म्हणाले, सर, मला कळत नाहीये. सर खडू हातात धरून माझ्याकडं असे बघत राहिले की जणू एखादं बाक बोललं. मग मागून आणखी चौघे उभे राहिले. इंग्रजी त्या वेळी सुटलं. बाई म्हणाल्या, "उशीर झाला."

तिसरं वर्ष संपलं आणि मी सामान बांधलं. वहिनींनी डबा दिला, त्यात थालीपीठ आणि दही. मी म्हटलं, दही गार आहे. त्या म्हणाल्या, शेजारच्यांच्या फ्रिजातलं आहे. बाई नेहमीसारख्या माझ्या खोलीत होत्या, नव्या खेपेवर नंबर टाकत. मी पाया पडले. त्यांनी न बघता एक घडी केलेला कागद हातावर ठेवला आणि दार लाव म्हणाल्या, उष्णता जातेय.

एसटीत बसल्यावर मी तो उघडला. दाखला होता. शाईचा निळा गोल, नेहमीचा. माझं नाव, जन्मतारीख. प्रवेशाची तारीख बरोबर लिहिलेली, आणि त्यापुढं: प्रवेशाच्या वेळची प्रगती – उकडलेल्या अंड्यात जीव दिसला.

मी ते वाक्य तीनदा वाचलं. मग तीन वर्षांपूर्वीचे दादा आठवले, दोनऐवजी एकच अंडं घेऊन वाळूजला गेलेले, आणि विनाकारण बोलणी खाल्लेलं ते मांजर.

वर्तणूक: चांगली. शाळा सोडण्याचे कारण: पिसे फुटली. आणि सगळ्यांत खाली, शेऱ्याच्या रेघेवर, नव्या डोळ्यानं लिहिलेल्या सरळ अक्षरांत: दिसत नसल्यास तसे सांगते.